एक्कावन्नाव्या वर्षी पदवीधर

मुळशी तालुक्यात पावसाळा सुरू झाला की ताम्हिणीकडच्या वाड्या-वस्त्यांवर भरदुपारी अंधारून येतं. तिथल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी एक मैत्रीण शिकवते. शाळा द्विशिक्षकी. दोन खोल्या, चार इयत्ता. दोघांमध्ये हिची नोकरी जास्त वर्षांची, त्यामुळे मुख्याध्यापकपदाचा प्रभारही हिच्याच गळ्यात. म्हणजे सकाळी परिपाठ घ्यायचा, दोन इयत्तांना शिकवायचं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवायचा, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवायची आणि संध्याकाळी तालुक्याला पाठवायची माहिती भरत बसायचं.

काही वर्षांपूर्वी तिनं मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेचा अर्ज भरला. वय ४४. घरात सासूबाई, नवरा, दहावीतला मुलगा. आता या वयात आणखी शिकून काय मिळवायचंय, असं सासूबाईंनी विचारलं. शाळेतल्या सहकाऱ्यानं पगारवाढ किती मिळणार ते विचारलं. मुलाला वाटलं, आई गंमत करतेय. तिला स्वतःलाही नीट उत्तर देता येईना. तिचं एवढंच म्हणणं होतं, की शिकवायचं कसं ते तिला डी.एड.मध्ये शिकवलं होतं, पण शाळा चालवायची कशी ते कुणीच कधी शिकवलं नव्हतं.

रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र, रात्री अकरानंतर स्वाध्याय लिहिणं, असं तिचं वर्ष सुरू झालं. मध्येच एकदा फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली, की सोडून द्यावंसं वाटतंय. तेव्हा मी तिला अनुताई वाघांची गोष्ट सांगितली. नाव तिला अर्थातच ठाऊक होतं. डी.एड.च्या पुस्तकात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही जोडी असतेच, आणि परीक्षेला टीपही येते. पण अनुताई पदवीधर झाल्या तेव्हा त्यांचं वय किती होतं, हे मात्र तिला माहीत नव्हतं. तुमच्यापैकीही अनेकींना ते माहीत नसेल. म्हणून आज ही गोष्ट.

मोरगावची अनू

अष्टविनायकांची यात्रा जिथून सुरू करायची, ते मोरगाव. पुणे जिल्ह्यातल्या बारामती तालुक्यातलं हे गाव. तिथे १७ मार्च १९१० रोजी अनूचा जन्म झाला. चारचौघींसारखंच तिचं बालपण गेलं आणि चारचौघींसारखंच तेराव्या वर्षी लग्न लागलं. साल १९२३. मुलींच्या लग्नाचं किमान वय ठरवणारा शारदा कायदा मंजूर व्हायला अजून सहा वर्षं होती. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न ही तेव्हा बातमी नव्हतीच.

लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच नवरा गेला. संसार म्हणजे काय हे कळण्याआधी तो संपला होता. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असायचं, हे वेगळं सांगायला नको. माजघरातला एक कोपरा, भल्या पहाटेपासूनचं काम, सणासमारंभाला दर्शन नको आणि जन्मभर दुसऱ्याच्या अन्नावरचं ओशाळं जिणं.

पण पुण्यात आणि आसपास तोवर वारं थोडं बदललं होतं. सावित्रीबाई फुल्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली त्याला पाऊणशे वर्षं होत आली होती. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात विधवा शिकत होत्या. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातून शिक्षिका आणि परिचारिका बाहेर पडत होत्या. विधवा मुलीनं शिकावं, मास्तरीण व्हावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही एक वाट तयार झाली होती. अरुंद होती, पण होती. अनू त्या वाटेनं निघाली. पुढे आयुष्यभर तिनं माहेरचंच नाव लावलं. अनुताई बाळकृष्ण वाघ.

व्हर्नाक्युलर फायनल ही तेव्हाची मराठी सातवीची परीक्षा. आपल्या आज्या-पणज्या जिला नुसतं ‘फायनल’ म्हणायच्या तीच. प्राथमिक शिक्षिका व्हायला ती पुरेशी असायची. अनू ती पास झाली, मग पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि १९२९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नोकरीला लागली. पहिली शाळा नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडची.

एकोणीस वर्षांची, एकटी, विधवा शिक्षिका. त्या काळात तालुक्याच्या गावी अशी बाई राहायला येणं म्हणजे सगळ्या गावाचे डोळे तिच्यावर. चांदवडला अनुताईंनी चार वर्षं काढली. शिकवण्याचं काम आपल्याला जमतं आणि आवडतंही, हे त्यांना तिथे कळलं असणार. कारण पुढची साठ वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही.

दिवसा शिक्षिका, रात्री विद्यार्थिनी

१९३३ मध्ये अनुताई पुण्याला आल्या, त्या हुजूरपागेत. १८८४ साली सुरू झालेली, पेशव्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिलेली ही मुलींची शाळा. पुण्यातल्या कितीतरी घरांमधल्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या इथे शिकल्या. अशा नावाजलेल्या शाळेत नोकरी म्हणजे प्रतिष्ठा होती, दर महिन्याला ठरलेला पगार होता, शहरातलं बिनधोक आयुष्य होतं. विधवा बाईनं आणखी काय मागायचं?

अनुताईंनी आणखी शिक्षण मागितलं. मराठी फायनलच्या वाटेनं आलेल्यांना इंग्रजीचा गंध नसायचा. मॅट्रिक व्हायचं तर इंग्रजीपासून सुरुवात. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी आपणच दप्तर घेऊन रात्रशाळेच्या बाकावर जाऊन बसायचं, असा क्रम त्यांनी धरला. १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. वय २७.

आता यात विशेष काय, असं आजच्या मुलींना वाटेल. पण विचार करा. दिवसभर वर्गावर उभं राहून घसा कोरडा पडलेला, वह्या तपासून डोळे दुखत असलेले. जिला शाळेतल्या मुली ‘बाई’ म्हणतात ती बाई संध्याकाळी दुसऱ्या एका शिक्षकासमोर चुकत-माकत उत्तरं देते. आपल्याला येत नाही हे कबूल करणं शिक्षकाला फार जड जातं. रात्रशाळेत जाणाऱ्या शिक्षिकेला ते रोज कबूल करावं लागतं. मला तर वाटतं, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटापेक्षा हीच अनुताईंची मोठी कमाई होती. शिकताना माणसाला कसं वाटतं, हे त्या विसरल्या नाहीत.

बोरिवलीचं शिबिर

फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत असताना कस्तुरबा गांधींचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ जो निधी उभा राहिला, तो खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठी वापरायचा ठरलं. त्यासाठी खेड्यात जाऊन काम करणाऱ्या स्त्रिया हव्या होत्या आणि त्यांना तयार करायला शिबिरं भरू लागली. १९४५ साली असं एक शिबिर मुंबईजवळ बोरिवलीला झालं. बोरिवली तेव्हा खेडंच होतं. हुजूरपागेतल्या वाघबाई त्या शिबिराला गेल्या, आणि तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली.

ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. १९१४ सालच्या पदवीधर. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, नूतन बाल शिक्षण संघ उभा केला आणि दादरला शिशुविहार चालवलं. माँटेसरीबाईंची पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत. पण त्यांना एक गोष्ट सलत होती. दादरच्या शिशुविहारात येणारी मुलं खाऊनपिऊन सुखी घरातली. ज्या मुलांना कुणीच काही शिकवत नाही, त्यांचं काय? म्हणून साठीकडे झुकताना त्या शहर सोडून खेड्यात निघाल्या होत्या. त्यांना सोबत हवी होती. अनुताईंना दिशा हवी होती.

ठाणे जिल्ह्याच्या टोकाला, समुद्रकाठी बोर्डी नावाचं गाव आहे. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे बोर्डीला शिक्षणाची परंपरा होती. तिथे १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि पस्तीस वर्षांच्या अनुताई हुजूरपागेची बारा वर्षांची नोकरी सोडून तिथे गेल्या. पुण्यातल्या ओळखीच्या मंडळींनी कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही.

अंगणात आली बालवाडी

बोर्डीत पहिला धडा अनुताईंनाच मिळाला. बालवाडी उघडून ठेवली म्हणजे मुलं येतात असं नाही. गावातल्या गरीब वस्त्यांमधली मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाच्या अंगावर धड कपडे नाहीत, कुणाच्या आईला हे सगळं आपल्यासाठी नाहीच असं वाटतं. मग ताराबाई आणि अनुताईंनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांकडे न्यायची. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, झाडाखाली मुलांना जमवायचं. आधी हात-तोंड धुवायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी.

हा शब्द आज देशभर आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीताई ज्या नावानं ओळखल्या जातात, त्याच्या मागे बोर्डीतली ही अंगणं आहेत.

साधनांचाही प्रश्न होता. माँटेसरीची साधनं सुरेख, पण महागडी. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणार कशी? मग समुद्रावरचे शंख-शिंपले आले, नदीतले गोटे आले, चिंचोके, पानं, फुलं, बिया, बांबू, माती आली. मोजायला, लावायला, लहानमोठं ओळखायला, रंग जुळवायला हे सगळं चालतं. शिवाय हरवलं तर ओरडा नाही. मुलांना ओळखीच्या वस्तू हाताळायला मिळाल्या आणि बालवाडीचा खर्च जवळजवळ शून्यावर आला.

कोसबाडची टेकडी

१९५६ च्या सुमारास काम बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर हललं. हा वारल्यांचा मुलूख. जमीनदारांची आणि जंगल ठेकेदारांची वेठबिगार या लोकांनी पिढ्यान् पिढ्या सोसली होती. त्याविरुद्ध १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला होता. म्हणजे अनुताई ज्या वर्षी बोर्डीला आल्या, त्याच वर्षी शेजारच्या डोंगरात हे लोक ताठ मानेनं उभं राहायला शिकत होते. पण शाळा मात्र अजून त्यांच्यापासून लांबच होती.

कोसबाडला अनुताईंना पुन्हा तोच प्रश्न पडला, आणखी अवघड होऊन. सात-आठ वर्षांची वारली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. तो भाऊ तिनं सोडला तर आई मजुरीला जाऊ शकत नाही. मुलगा शाळेत येत नाही, कारण गुरं त्याच्या ताब्यात आहेत. हजेरीपटावर नुसतं ‘गैरहजर’ लिहून मोकळं होता येतं. पण कोसबाडच्या या दोघींनी गैरहजेरीचं कारण शोधलं आणि त्या कारणावर शाळा बांधली.

मुलगी भावाला घेऊन येते ना? येऊ दे. भावासाठी पाळणाघर, त्याच्यापेक्षा मोठ्यांसाठी बालवाडी आणि तिच्यासाठी प्राथमिक शाळा, असं तिन्ही एकाच ठिकाणी. याला नाव दिलं विकासवाडी. आणि मुलगा गुरांमागे जातो ना? मग गुरं चरतात तिथेच शाळा भरवायची. कुरणात, गुरांवर एक डोळा ठेवून. ही कुरणशाळा. वारल्यांची गाणी आणि नाच तिथे शिकवण्याचं साधन झाले.

आज व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘शालेय नेतृत्व’ असा विषय असतो. शाळेचं नेतृत्व म्हणजे शिस्त लावणं, वेळापत्रक करणं, निकाल वाढवणं, असं आपल्याला वाटतं. कोसबाडचं उदाहरण बघितलं की कळतं, मुलाच्या घरी, रानात, आईच्या मजुरीच्या वेळेत काय चाललंय ते बघणं आणि शाळेला त्याप्रमाणे वाकवणं, हे नेतृत्वाचं पहिलं काम आहे. वेळापत्रक त्यानंतर.

दुसरं काम माणसं तयार करण्याचं. एकटी बाई किती मुलांना आंघोळ घालणार? अनुताईंनी बालसेविका तयार केल्या. जेमतेम शिकलेल्या, खेड्यातल्या, कधी गावाबाहेर न पडलेल्या मुली आणि बायका प्रशिक्षणाला यायच्या आणि बालवाडी चालवायला शिकून परत जायच्या. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे अनुताईंचं पुस्तक अशा बायकांसाठीच आहे.

पन्नाशीनंतरची परीक्षा

आणि आता त्या पदवीकडे येऊ.

१९६० च्या आसपासचं चित्र डोळ्यांसमोर आणा. अनुताई पन्नाशीच्या. टेकडीवर पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा. सेविकांचं प्रशिक्षण. पाहुणे आणि अधिकारी भेटीला येणार. हिशेब आणि अनुदानाचे कागद. ताराबाई सत्तरीला टेकलेल्या, त्यामुळे रोजच्या कामाचा बराच भार अनुताईंवर. त्यात डोळे अधू होत चाललेले. अशा वेळी कुणी परीक्षेला बसतं का?

अनुताई बसल्या. १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या.

मॅट्रिक होऊन चोवीस वर्षं झाली होती. पहिल्या नोकरीला बत्तीस. त्यांच्याबरोबर त्या वर्षी परीक्षेला बसलेल्या मुली त्यांच्या लेकी शोभल्या असत्या. पदवीनं त्यांना काय मिळालं? वरच्या पगाराची नोकरी त्यांना नको होती. कोसबाड सोडून कुठे जायचं नव्हतं. वारली आयांना बी.ए. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि कुरणातल्या मुलांना त्याचं काही वाटण्याचं कारण नव्हतं.

मग का? माझा आपला एक अंदाज आहे. ज्या बाईनं दुसऱ्यांना शिकण्याचा आग्रह धरला, तिला स्वतःचं अर्धवट राहिलेलं शिक्षण टोचत असणार. आणि आणखी एक. सोळा वर्षं हातानं काम केल्यावर माणसाला पुस्तकं वेगळी दिसायला लागतात. विशीत आपण पुस्तक वाचतो ते परीक्षेसाठी. पन्नाशीत वाचतो तेव्हा प्रत्येक पानाशेजारी आपल्या अनुभवातलं एखादं मूल येऊन उभं राहतं. नोकरी करत शिकणाऱ्या शिक्षिकेला हे रोज अनुभवाला येतं. सोमवारी वर्गात अडलेला प्रश्न ती रविवारच्या तासाला विचारते आणि रविवारी मिळालेलं उत्तर सोमवारी वर्गात करून बघते. नोकरीआधी शिकणाऱ्याला ही सोय नसते.

पदवीनंतर अनुताईंचं काम बदललं नाही, पण त्यांचा हात मात्र लांबवर पोचला. ‘शिक्षण पत्रिके’चं संपादन, पुस्तकं, व्याख्यानं, देशभरातून येणाऱ्यांना काम समजावून सांगणं. टेकडीवर जे हातानं केलं होतं, ते त्या शब्दांत मांडू लागल्या. ‘विकासाच्या मार्गावर’, ‘कुरणशाळा’ ही पुस्तकं त्याच वाटेवरची. त्यांचं आत्मचरित्र ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ तर मराठीत आवर्जून वाचलं जातं.

ताराबाई गेल्यावर

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. अनुताई ६३ वर्षांच्या होत्या. एखादी संस्था एका मोठ्या माणसाभोवती उभी असते, आणि तो माणूस गेला की तिचा फक्त फलक उरतो, असं आपण पुष्कळदा पाहतो. कोसबाडचं तसं झालं नाही. कारण दुसरी बाई इतकी वर्षं शेजारी उभी राहून सगळं शिकत आली होती.

ताराबाई आणि अनुताई या नात्याबद्दल नेहमी गुरू-शिष्या म्हणून लिहिलं जातं. ते खरंच आहे. पण त्यात एक व्यावहारिक धडाही आहे. ताराबाईंनी अनुताईंना हाताखालची बाई म्हणून ठेवलं असतं, तर १९७३ नंतर काही शिल्लक राहिलं नसतं. त्यांनी कामाचा भार आणि कामाचा अधिकार दोन्ही सोपवले. आपल्या शाळांमध्ये, कार्यालयांमध्ये आणि खरं सांगायचं तर आपल्या स्वयंपाकघरांमध्येसुद्धा, भार लगेच सोपवला जातो. अधिकार सोपवताना मात्र हात आखडतो.

पुढे अनुताईंनीही तेच केलं. १९८२ मध्ये, म्हणजे ७२ व्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढली. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम तिनं पुढे नेलं. आदिवासी स्त्रियांच्या जागृतीचं कामही त्यांनी उतारवयात अंगावर घेतलं. पद्मश्री मिळाली, जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. तेराव्या वर्षी जिचं आयुष्य संपलं असं लोकांनी धरलं होतं, ती त्यानंतर एकोणसत्तर वर्षं जगली आणि त्यातली त्रेसष्ट वर्षं तिनं मुलांना आणि बायकांना शिकवण्यात घालवली.

एक खटकणारी गोष्ट

इथवर वाचून माझ्या मुळशीच्या मैत्रिणीसारखी एखादी म्हणेल, की बाई, अनुताई थोर होत्या, पण त्यांना सकाळी चार डबे करायचे नव्हते. सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची दहावी, नवऱ्याची शिफ्ट यातलं काहीच नव्हतं. खरंय. आपण हे कबूल केलं पाहिजे. अनुताईंवर समाजानं लादलेलं वैधव्य हाच त्यांच्या अभ्यासाचा मोकळा वेळ ठरला. ही काही आनंदानं सांगण्यासारखी गोष्ट नाही. संसार हिरावला गेला म्हणून एका बाईला शिकायला वेळ मिळाला आणि संसार आहे म्हणून दुसरीला मिळत नाही, असं असेल तर चूक त्या दोघींची नाही.

आज सोयी पुष्कळ आहेत. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं आणि नोकरी करणाऱ्या हजारो शिक्षकांना घरबसल्या पुढे शिकता आलं. २०१२ मध्ये दिल्लीत शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी दर वर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. आमच्या मुळशीतच बघा. लवळ्याच्या टेकडीवर मोठमोठी विद्यापीठं आहेत, हिंजवडीत आयटी पार्क आहे आणि तिथल्या कंपन्यांमधली माणसं नोकरी सांभाळून व्यवस्थापन शिकतात, त्याचं कौतुकही होतं. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एक शिक्षिका शाळेचं व्यवस्थापन शिकते, तेव्हा तिला विचारलं जातं की आता या वयात कशाला?

५० तास धोरणात लिहिणं सोपं आहे. ते तास तिच्या दिवसातून काढायचे कुठून, हे कुणी लिहीत नाही. ते तास तिच्या झोपेतून जाणार असतील तर ती फार दिवस टिकणार नाही. ते घरच्यांच्या वाटणीतून आणि खात्याच्या कागदांतून निघाले पाहिजेत. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून दोनदा दुसऱ्या कुणी केला, तर एक स्वाध्याय पुरा होतो. हे गणित काही फार कठीण नाही.

पाळणाघर मुळशीत

मैत्रिणीनं पदविका सोडली नाही. अनुताईंच्या गोष्टीमुळेच, असं मी म्हणणार नाही. शिक्षिका असतातच जिद्दीच्या. पण त्या काळात तिच्या शाळेत एक छोटीशी गोष्ट घडली, ती सांगते.

तिसरीतली एक मुलगी पावसाळ्यात वारंवार गैरहजर राहू लागली. भातलावणीचे दिवस. एरवी हिनं हजेरीपटावर खूण केली असती आणि पालकांना निरोप धाडला असता. या वेळी शाळा सुटल्यावर ती वाडीवर गेली. आई चिखलात, लावणीला. मुलगी ओसरीवर, मांडीवर दीड वर्षांचा भाऊ. हिनं काही उपदेश केला नाही. उद्यापासून भावाला घेऊन ये, एवढंच सांगितलं. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी पडली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी स्वतःहून त्याच्याकडे लक्ष ठेवलं. मुलगी लावणी संपेपर्यंत रोज आली. त्या सतरंजीवर पुढे आणखी एक बाळ आलं.

हे तिनं स्वाध्यायात लिहिलं. शाळेसमोरील एक समस्या आणि मुख्याध्यापक म्हणून केलेली उपाययोजना, असा प्रश्न होता. तिला त्यात फार गुण मिळाले का ते मी विचारलं नाही. पण तिनं फोनवर हे सगळं सांगितलं, तेव्हा आवाजात रडवेलेपणा नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनीच डबा करून दिला. मुलानं तिला मोटारसायकलवरून केंद्रावर सोडलं आणि पेपर संपेपर्यंत बाहेर थांबला. आतापर्यंत ही त्याच्या परीक्षेला अशी बाहेर थांबत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं झालं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये अशी एखादी असेल. पस्तिशीची, पंचेचाळिशीची, पन्नाशीची. रात्री उशिरा दिवा लावून बसणारी. तिला कशाला शिकतेस असं विचारू नका. कुठल्या विषयाचा पेपर आहे ते विचारा, आणि जमलं तर त्या दिवशीची भाजी तुम्ही चिरा.